आधी फूट मोजा, मग पट मोजा



या खेपेला आमच्या ‘खेळाचे अंगण’ सदरात गोल्फ आले आहे. दचकू नका. आपलं आणि गोल्फचं नातं काय, हे आम्हालाही ठाऊक आहे. चेंबूरचा प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासून तिथे आहे, पण आपल्यापैकी बहुतेकांनी तो बसच्या खिडकीतूनच पाहिला. आपली माणसं रेल्वेत, गोदीत, पोस्टात, इस्पितळात. संध्याकाळी वेळ मिळालाच तर कॅरम, फार तर हॉकी. गोल्फ म्हणजे साहेबाचा खेळ, असं म्हणून आपण मोकळे होत होतो.

पण नातवंडं जगभर पांगली आणि त्यांचे खेळही बदलले. कतारची राजधानी दोहा इथून एका आजोबांचं पत्र आलं आहे. मूळचे ठाण्याचे, रेल्वेत तिकीट तपासनीस होते, आता लेकीकडे राहायला गेले आहेत. नातू बारा वर्षांचा. तो तिथे गोल्फ शिकतो आणि आजोबा काठी टेकत त्याच्याबरोबर मैदानावर जातात. पत्र लांब आहे, आम्ही मुद्द्याचं तेवढं सांगतो. नातवाने अठरा होलांच्या एका फेरीत ३८ पट घेतले. त्याच्याबरोबर शिकणाऱ्या मुलाने ३१. घरी आल्यावर नातवाने पटर कपाटाच्या मागे टाकला आणि “मला पट येत नाही, मी आता खेळणार नाही” म्हणून जेवायलाही बसला नाही. आजोबा विचारतात, “खरंच याला येत नाही का? आणि येत नसेल तर ते कळतं कसं?” पत्राच्या शेवटी, वेगळ्या शाईत, आणखी दोन ओळी आहेत : “मीही सरावाच्या हिरवळीवर थोडं खेळून बघतो. आताशा हात कापतो असं वाटतं. थांबावं का?”

दोन्ही प्रश्न चांगले आहेत. आम्ही पत्रं पाठवली, उलट उत्तरं आली, आणि त्यातून हा लेख झाला.

आधी मुलांसाठी थोडक्यात. गोल्फमध्ये चेंडू दुरून मारत मारत एका छोट्या भोकात घालायचा. भोकाभोवती अगदी बारीक कापलेल्या गवताचा गालिचा असतो, त्याला ग्रीन म्हणतात. ग्रीनवर चेंडू उडवायचा नाही, पटर नावाच्या काठीने जमिनीवरून घरंगळवायचा. हा जो हलका टोला, तो पट. (बुद्धिबळाचा पट वेगळा, दुप्पट-तिप्पट मधला पट वेगळा. मराठीत आधीच दोन पट होते, हा तिसरा.) भोकाचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर. हे माप १८९१ साली ठरलं आणि आजतागायत बदललेलं नाही. चेंडू साधारण ४३ मिलिमीटरचा. म्हणजे दोन चेंडू शेजारी शेजारी सहज मावतील एवढं भोक. आपल्या गोट्यांच्या खेळातली गल आठवा. तोच जीव, तीच धाकधूक.

आता ३८ आणि ३१. प्रत्येक होलला ‘पार’ नावाचा ठरावीक फटक्यांचा हिशेब असतो आणि त्यात ग्रीनवरचे दोन पट धरलेले असतात. अठरा होल म्हणजे छत्तीस पट. तेव्हा ३८ म्हणजे जेवण सोडण्याइतकं काही आभाळ कोसळलेलं नाही, हे पहिलं.

दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. पट मोजून पटाची पारख होत नाही. ऐकायला विचित्र वाटेल, पण बघा. एक खेळाडू दुरून अचूक मारतो, चेंडू ग्रीनवर पडतो, पण होलपासून तीस फूट लांब. तिथून दोन पट लागले तर वाईट काही नाही. दुसऱ्याचा फटका ग्रीनच्या बाहेर पडतो. मग तो बाहेरून एक छोटा टोला मारून चेंडू होलपासून चार फुटांवर आणतो आणि एका पटात घालतो. वहीत काय दिसतं? पहिल्याचे दोन पट, दुसऱ्याचा एक. दुसरा मोठा पटर-बहाद्दर! प्रत्यक्षात होलसाठी दोघांचे फटके कदाचित सारखेच झाले. त्यातून दुसऱ्याचा पट चार फुटांचा, पहिल्याचा तीस फुटांचा. तीस फुटांवरून मारणाऱ्याला आणि चार फुटांवरून मारणाऱ्याला एकाच तराजूत कसं तोलायचं?

आपल्या विटी-दांडूला हे कळत होतं. विटी उडाली की नुसतं ‘उडाली’ म्हणून कोणी गुण देत नसे. विटी कुठे पडली तिथपासून गलीपर्यंत दांडूने मोजायचं. वकट, लेंड, मूंड... पुढचे शब्द प्रत्येक गावचे वेगळे, आणि त्यावरून भांडणंही वेगळी. पण अंतर मोजल्याशिवाय हिशेब नाही, हे दहा वर्षांच्या पोरालाही माहीत होतं. गोल्फवाल्यांना मात्र ते अधिकृतपणे कळायला २०११ साल उजाडलं.

त्या साली अमेरिकेच्या पीजीए टूरने पटिंग मोजण्याची नवी रीत स्वीकारली. ती बसवली होती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी. त्या टूरवर तेव्हा प्रत्येक फटका लेझरने मोजून त्याची नोंद ठेवत. त्या लाखो नोंदींवरून ब्रॉडींनी साधा प्रश्न विचारला : इतक्या फुटांवरून जगातले चांगले खेळाडू सरासरी किती पटांत चेंडू घालतात? ते उत्तर म्हणजे मापाचा दगड. आपण त्यापेक्षा कमी घेतले तर तेवढे फटके कमावले, जास्त घेतले तर गमावले. या रीतीला ‘स्ट्रोक्स गेन्ड’ म्हणतात. आम्ही ‘कमाई’ म्हणू.

हे आकडे आजोबांनी भिंतीवर लावावेत असे आहेत. व्यावसायिक खेळाडू तीन फुटांवरून शंभरातले ९६ घालतात. पाच फुटांवरून ७७. आठ फुटांवरून? विचार करून बघा. मुलांनो, आई-बाबांना विचारा. बहुतेक जण ऐंशी-नव्वद म्हणतील. खरा आकडा पन्नास. टीव्हीवर जे खेळतात, ज्यांचं पोट त्यावर चालतं, तेही आठ फुटांवरून निम्मे चुकवतात. दहा फुटांवरून ४०, वीस फुटांवरून १५, तीस फुटांवरून अवघे ७. बारा वर्षांचं पोर आठ फुटांचा पट चुकल्यावर डोळ्यात पाणी आणतं, तेव्हा हा आकडा त्याच्या कानात सांगायला हवा.

तेच सरासरी पटांच्या भाषेत : तीन फुटांवरून १.०४, पाचवरून १.२३, आठवरून दीड, वीसवरून १.८७ आणि तेहतीस फुटांवरून बरोबर दोन. म्हणजे तेहतीस फुटांवरून एका पटात गेला तर एकाची कमाई, तीन लागले तर एकाचा तोटा, दोन लागले तर ना नफा ना तोटा. आठ फुटांवरून एकात गेला तर अर्ध्याची कमाई, दोन लागले तर अर्ध्याचा तोटा. अर्धा फटका कसा मारायचा, असं विचारू नका. अडीच माणसांचं सरासरी कुटुंब जनगणनेत असतं, तसंच हे.

आम्ही आजोबांना कळवलं : पुढच्या फेरीत दोन्ही मुलांच्या प्रत्येक पहिल्या पटाचं अंतर लिहा. फूटपट्टी नको, पावलांनी मोजा. घरी आपलं एक पाऊल किती फुटांचं ते आधी बघून ठेवा. तिकीट तपासनिसाला नोंदी शिकवाव्या लागत नाहीत. तीन आठवड्यांनी वहीची दोन पानं आली, रेघा आखलेली, वर तारीख आणि वाऱ्याची दिशासुद्धा. योगायोग असा की पटांची बेरीज पुन्हा तीच होती, नातवाचे ३८ आणि मित्राचे ३१. नातू त्या दिवशी खेळायला तयार झाला तो आजोबांच्या वहीत कुतूहल म्हणून, एवढंच.

नातवाचं पान असं. अठरापैकी सहा ग्रीनवर पहिला पट तेहतीस फुटांच्या आसपास, सहावर वीस फुटांच्या, चारवर आठ फुटांच्या आणि दोनवर तीन फुटांच्या. जगातले चांगले खेळाडू याच जागांवरून किती पट घेतील? बारा, अधिक सव्वाअकरा, अधिक सहा, अधिक दोन. म्हणजे साधारण ३१.३. नातवाने घेतले ३८. तोटा ६.७.

मित्राचं पान : बारा ग्रीनवर पहिला पट पाच फुटांचा, चारवर तीन फुटांचा, दोनवर वीस फुटांचा. त्याच रीतीने बेरीज येते सुमारे २२.७. त्याने घेतले ३१. तोटा ८.३.

आता सांगा, पट कोणाला येत नाही?

आम्ही हे त्या दुसऱ्या मुलाला कमी लेखायला सांगत नाही. ग्रीनच्या बाहेरून चेंडू पाच फुटांवर आणून ठेवायची कला त्याच्याकडे आहे आणि ती काही सोपी नाही. पण वहीतले ३१ त्या कलेचे होते, पटरचे नव्हते. आणि इकडे एक पोर पटर कपाटामागे टाकून बसलं होतं!

नातवाचा ६.७ चा तोटा नेमका कुठे झाला, तेही वहीत दिसतं, आणि आमच्या मते हेच या मोजणीचं खरं मोल. तीन फुटांवरचे दोन्ही पट त्याने घातले. आठ फुटांवरून चारपैकी एक, म्हणजे एक फटक्याचा तोटा. वीस फुटांवरून सहा ग्रीनला तेरा पट, पावणेदोनाचा तोटा. आणि तेहतीस फुटांवरून सहा ग्रीनला सोळा पट, चार वेळा तीन-तीन. तिथे सरळ चारचा तोटा. म्हणजे पोराची नजर चुकत नाही, हातही भीत नाही. लांबचा पट किती जोराने मारायचा हे त्याला अजून उमगलेलं नाही. आजोबांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं : “आखूड, आखूड, आखूड, फार पुढे, आखूड.” एवढं कळलं की रोज अर्धा तास दोन फुटांवरून ठोकत बसायची गरज उरत नाही. दहा पावलांवर एक रुमाल टाकायचा आणि चेंडू रुमालावर थांबवायचा सराव करायचा. होलसुद्धा नको.

जोराबद्दल एक टीप. डेव्ह पेल्झ नावाचे गृहस्थ आधी नासामध्ये शास्त्रज्ञ होते, मग पटिंगच्या मागे लागले. त्यांचं म्हणणं, पट असा मारावा की होल चुकलाच तर चेंडू सतरा इंच पुढे जाऊन थांबेल. तीन फूट पुढे गेला तर परतीचा पट घाबरवतो, आणि आखूड राहिला तर आत जायचा प्रश्नच नाही. सतरा इंच म्हणजे साधारण दोन विती. आमच्या मते मुलांना वितीने सांगितलेलं लवकर कळतं.

जोराचा विषय निघाला की हिरवळीचा वेगही आला. आणि इथे कतारची गंमत सांगायला हवी. तिथली जमीन वाळूची. आखातात तेलाच्या वसाहतींमध्ये साहेब लोक पूर्वी वाळूवरच गोल्फ खेळायचे. कतारमध्ये दुखान आणि मेसईद इथे असा वाळूचा गोल्फ खेळला गेला आहे. खेळाडू नकली गवताचा एक तुकडा बरोबर बाळगायचा, त्यावर चेंडू ठेवून मारायचा. आणि ग्रीनऐवजी ‘ब्राऊन’, म्हणजे तेल मिसळून दाबलेली वाळू. एक टोळी खेळून गेली की पावलांचे ठसे फळीने सारखे करायचे, मग पुढची टोळी. पुढे दोहा गोल्फ क्लब झाला. पाणी घालून वाळवंटात हिरवळ उभी केली, शिवाय अमेरिकेतल्या ॲरिझोनाहून उंच उंच निवडुंग आणून लावले. (वाळवंटात निवडुंग बाहेरून आणायचे, ही श्रीमंतीची एक तऱ्हा.) १९९८ साली तिथे कतार मास्टर्स ही स्पर्धा सुरू झाली आणि जगातले मोठमोठे खेळाडू दोह्याचा वारा खाऊन गेले.

ब्राऊन, रोज कापलेलं ग्रीन, आठवडाभर न कापलेलं ग्रीन : एकाच जोराचा पट तिन्हीकडे वेगळा पळतो. तो फरक मोजायलाही साधन आहे, स्टिंपमीटर. एडवर्ड स्टिंपसन या अमेरिकन खेळाडूने १९३५ साली ते बनवलं. यंत्र म्हणावं असं त्यात काही नाही. तीन फुटांची एक खाचेची पट्टी. चेंडू खाचेत ठेवून पट्टीचं एक टोक हळूहळू उचलायचं. सुमारे वीस अंशांवर चेंडू आपोआप सुटतो आणि ग्रीनवर घरंगळतो. किती फूट गेला तो हिरवळीचा वेग. सात-आठ फूट म्हणजे मंद, अकरा-बारा म्हणजे काचेवरून सटकल्यासारखं. आजोबांनी एवढा खटाटोप करू नये. पण वहीत ‘आज मंद’, ‘आज जलद’ एवढं लिहावं. नाहीतर नातवाचं ‘आखूड’ त्याचं होतं की गवताचं, हे महिन्याने आठवणार नाही.

आता आठवणीबद्दलच. आपली आठवण पटांच्या बाबतीत मोठी लबाड असते. चुकलेले लहान पट तिला लख्ख आठवतात, गेलेले लहान पट ती विसरते, कारण ते जायलाच हवे होते. लांबचा एखादा गेला तर तो जन्मभर सांगते. म्हणून वही.

कतारमधलाच दाखला देतो. मार्च २०२१ मध्ये कतार मास्टर्स दोह्याच्या एज्युकेशन सिटी गोल्फ क्लबवर झाली. हे मैदान स्पेनच्या होसे मारिया ओलाथाबल यांनी आखलेलं. शेवटच्या दिवशी शेवटच्या होलवर फ्रान्सच्या ॲन्त्वान रोझनेरसमोर सुमारे साठ फुटांचा पट होता. साठ फूट म्हणजे आपल्या जुन्या चाळीची अख्खी गॅलरी. त्याने तो घातला आणि एका फटक्याने स्पर्धा जिंकला. दुसऱ्या जागेवर तिघे बरोबरीत होते, इटलीचा गुइडो मिलिओत्झी, दक्षिण आफ्रिकेचा डॅरेन फिचर्ट आणि आपल्या कपूरथळ्याचा गगनजीत भुल्लर. रोझनेरचे दोन पट झाले असते तर चौघांची बरोबरी झाली असती आणि खेळ पुढे चालला असता. भुल्लरला संधी मिळाली असती.

आता ब्रॉडींच्या हिशेबात साठ फुटांवरून व्यावसायिकांचा चेंडू शंभरात जेमतेम दोनदा एका पटात जातो. सरासरी पट २.२. म्हणजे त्या एका टोल्यात रोझनेरने सव्वा फटका कमावला आणि जिंकला तो एका फटक्याने. हे कौशल्य की नशीब? आम्ही म्हणू, चेंडू होलजवळ थांबेल असा मारणं हे कौशल्य. आत गेला, हे त्या दिवसाचं देणं. भुल्लरच्या पटिंगबद्दल या निकालातून काहीच कळत नाही. रोझनेरच्याही फारसं नाही. एका पटावरून, एका फेरीवरून कोणाची पारख करू नये. नातवाच्याही त्या एका पानावरून आम्ही जे म्हटलं ते तात्पुरतंच आहे. निदान दहा फेऱ्यांची पानं होऊ द्या. वीस झाली तर आणखी बरं.

उलट बाजूही सांगतो, कारण मुलींनाही काही हवं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली बंगळुरूची अदिती अशोक चौथी आली, ब्राँझपदक एका फटक्याने हुकलं. दूर मारण्यात ती जवळजवळ सगळ्यांच्या मागे होती आणि पटिंगमध्ये सगळ्यांच्या पुढे. चार दिवस, बहात्तर होल, रोज तेच. तिथे नशीब म्हणायची सोय नाही. तो चारही दिवसांचा हिशेब होता.

आता आजोबांच्या दोन ओळी. खरं सांगायचं तर नातवापेक्षा आम्हाला त्यांचीच काळजी जास्त वाटली. ‘हात कापतो असं वाटतं’ यातला ‘वाटतं’ आम्हाला खटकला. आम्ही त्यांना नातवाची वही उलटी करून मागच्या पानापासून स्वतःची सुरू करायला सांगितलं. तीन फुटांवरून रोज दहा चेंडू, पाच दिवस. पाच फुटांवरून तसेच. गेला की टिंब, चुकला की फुली, फुलीशेजारी डावीकडे, उजवीकडे की आखूड ते.

आकडे आले. तीन फुटांवरून पन्नासपैकी ४१. पाच फुटांवरून पन्नासपैकी १७. आता हे कशाशी ताडायचं? टीव्हीवरच्या खेळाडूंशी नव्हे. ब्रॉडींनी हौशी खेळाडूंचेही आकडे काढले आहेत. अठरा होलांना नव्वदच्या आसपास फटके घेणारा, म्हणजे क्लबात बऱ्यापैकी समजला जाणारा माणूस तीन फुटांवरून शंभरातले ८४ घालतो आणि पाच फुटांवरून पन्नास. आजोबा तीन फुटांवर जवळपास त्याच्या बरोबरीला आहेत. पाच फुटांवर बरेच मागे, ३४. हात सगळीकडे कापत असता तर तीन फुटांवरही दिसला असता, असं आम्हाला वाटतं. निदान थांबावं असं त्या वहीत कुठे लिहिलेलं नाही.

फुल्यांशेजारी बहुतेक ठिकाणी ‘डावीकडे’ होतं. आम्ही विचारलं, चष्मा कोणता? उत्तर : वर लांबचं, खाली जवळचं, असा दुहेरी काचेचा. मग जरा विचार करा. चेंडूवर वाकून खाली बघितलं की नजर वाचायच्या काचेतून जाते. ती काच हातातल्या पुस्तकाच्या अंतरासाठी, चेंडू तर पायाशी, चार-पाच फूट खाली. चेंडू धूसर दिसणार, आणि डोकं हललं की सरकल्यासारखाही वाटणार. अनेक वयस्कर खेळाडू यासाठी नुसत्या लांबच्या काचेचा वेगळा चष्मा ठेवतात. आजोबांकडे जुना एक पडलेला होता. तो लावून पाच फुटांवरून पुन्हा पन्नास : २२ गेले. पाचने वाढले. पाच हा आकडा फार मोठा नाही, पुढच्या आठवड्यात तो उतरूही शकतो. आणि हात थोडा कापतो, हेही खरंच आहे, संध्याकाळच्या पानांवर फुल्या जास्त आहेत. ते डॉक्टरांना सांगायलाच हवं, आम्ही वैद्य नव्हे. पण डॉक्टरांकडे जाताना नुसतं ‘वाटतं’ नेण्यापेक्षा वही न्यावी.

कापऱ्या हाताचे मोठे लोकही आहेत. जर्मनीच्या बर्नहार्ड लँगरला तरुणपणीच लहान पट मारताना हाताला झटका बसायचा. गोल्फमध्ये त्याला ‘यिप्स’ म्हणतात. त्याने पकड बदलून पाहिली, शेवटी लांब दांड्याचा पटर घेतला. २०१६ पासून असा पटर अंगाला टेकवून मारायला बंदी आली, तर तो अंगापासून दूर धरून मारायला लागला. २०२३ साली वयाच्या ६५ व्या वर्षी त्याने अमेरिकेची सीनिअर ओपन जिंकली. कतार मास्टर्स २००२ आणि २००८ असं दोनदा जिंकणारा ऑस्ट्रेलियाचा ॲडम स्कॉटही पुढे लांब पटरकडे वळला आणि तोच घेऊन २०१३ ची मास्टर्स जिंकला.

आता ज्यांच्या घराजवळ गोल्फचं मैदान नाही, म्हणजे आपण जवळजवळ सगळेच. इस्रायलमध्ये कैसरियाला १९६१ पासून मैदान आहे, पण दिमोना-अश्दोदहून पट मारायला तिथे कोण जाणार? घरीच करता येतं. सतरंजी नको, तिच्या घड्यांत चेंडू अडकतो. सपाट गालिचा घ्या. आजी-आजोबांनी गालिच्याची टोकं आधी चिकटपट्टीने दाबून घ्यावीत. पाय अडकून पडण्याइतका कोणताही खेळ मोठा नाही. होलसाठी स्टीलचा पेला आडवा ठेवा, तोंड सव्वाचार इंचांच्या आसपास असलेला. सुतळीला तीन, पाच आणि आठ फुटांवर गाठी मारा. काठी कुठलीही चालेल, मुठीची चालायची काठी उलटी धरलीत तरी. आठ फुटांना घर पुरत नसेल तर पाचवर थांबा.

वहीत पाच रकाने : तारीख, किती फूट, गेले किती, चुकले ते कुणीकडे, आणि शेरा. शेऱ्यात चष्मा, वेळ, झोप, गालिचा की फरशी, जे सुचेल ते. आजोबांनी टिंब मांडावं आणि नातवंडाने मारावं, मग उलट. एकमेकांच्या वहीवर सही करायची. मोठ्या स्पर्धांतही खेळाडूचं कार्ड दुसराच लिहितो आणि दोघं सही करतात. घरात खोटं टिंब मारायची फार सोय असते म्हणून सांगतो, विशेषतः आजोबांना.

दोह्याच्या नातवाने पटर कपाटामागून काढला आहे. परवाच्या पत्रासोबत त्याच्या पाचव्या फेरीचं पान आहे, पट ३७. तेहतीस फुटांवरून पाच ग्रीनला बारा, तीन पट फक्त दोनदा. मित्राचंही पान त्यानेच आखून दिलं आहे आणि मित्राने पाच फुटांवरचा सराव सुरू केला आहे. उरलेली पाच पानं आली की दहा फेऱ्यांचा हिशेब छापू.

पुढच्या अंकात कॅरम. स्ट्रायकरची जागा मोजायची कशी, याबद्दल कोणाकडे जुनी युक्ती असेल तर महिनाअखेरपर्यंत लिहून पाठवा.